नळाचा डाव आणि ऋतुपर्णाचें गणित

पत्त्यांच्या खेळांत पैसा लावावा कसा, या विषयावर अलीकडे आमच्या सुशिक्षित मंडळींत जो वाद ऐकूं येतो, त्यांत दोन पक्ष पडलेले दिसतात. पहिल्या पक्षाचें म्हणणें असें कीं, खेळाडूनें एकदां नियम ठरवावा आणि मग पानें कशींही येवोत, समोर कोणीही बसो, त्या नियमापासून ढळूं नये. दुसरा पक्ष म्हणतो, नियम हे नवशिक्यांसाठीं. खरा खेळाडू समोरच्याचा चेहरा, त्याची खोड आणि घटकेचा रंग पाहून आपला डाव बदलीत जातो. पोकर नांवाच्या खेळासंबंधीं तर हा वाद इतक्या शास्त्रीय भाषेंत चालतो कीं, ऐकणारास आपण न्यायशास्त्राच्या पाठशाळेंत बसलों आहों असा भास व्हावा. या वादांत पडण्याचें आम्हांस कांहीं कारण नव्हतें. परंतु ज्या प्रश्नावर हे दोन्ही पक्ष भांडतात तो प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे, आणि त्या चुकीची किंमत दिवाणखान्यांत काय आणि रानांत काय, खेळणाऱ्यांच्या बायकापोरांस मोजावी लागते, असें आमचें मत झाल्यामुळें चार शब्द स्पष्ट लिहिणें प्राप्त झालें आहे. डाव ठरीव असावा कीं बदलता असावा, हा खरा प्रश्न नव्हे. डाव बदलतो तो कशावरून बदलतो, हा खरा प्रश्न आहे.

हें मत आम्हांस प्रथम ग्रंथांवरून सुचलें नाहीं. तें सुचलें गडचिरोली जिल्ह्यांतील मुलचेरा तालुक्यांत. १९८२ सालीं चंद्रपूर जिल्ह्याची वांटणी होऊन जो हा जिल्हा निर्माण झाला, त्याच्या दक्षिण भागांतला हा तालुका. साग, मोह, तेंदू आणि बेहडा यांचें रान, मधूनमधून धानाच्या बांध्या, माडिया-गोंडांचीं गांवें आणि त्यांच्या शेजारींच पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती, असें या मुलखाचें रूप आहे. धानाचे चार पैसे हातीं आले म्हणजे या भागांत, आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांतही, कोंबडबाजार भरतात. रानाच्या आडोशास मोकळी जागा पाहून माणसें जमतात. दोन कोंबड्यांच्या पायांस धारदार काती बांधतात. थोड्याच वेळांत एक कोंबडा पडतो, आणि तेवढ्या वेळांत भोंवतालच्या लोकांच्या हातांतील नोटा इकडून तिकडे जातात. पोलिसांचे छापे पडतात, कोंबडे, काती, दुचाक्या आणि रोकड जप्त झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात, आणि कांहीं दिवसांनीं बाजार दुसऱ्या आडोशास भरतो.

अशा बाजारांत जाणाऱ्या एका तरुणाशीं त्या भागांत आमचें बोलणें झालें. मुलगा कष्टाळू, बोलण्यांत सरळ. आम्हीं विचारलें, 'बाबा रे, यांत तुला मिळतें तरी काय?'

तो म्हणाला, 'सर, मी हिशेबानं खेळतों. पहिल्यानं शंभर लावतों. हरलों कीं दुप्पट. पुन्हां हरलों कीं पुन्हां दुप्पट. कधींतरी जिंकतोंच, जिंकलों कीं मागचं सगळं वसूल आणि वर शंभर.'

'मग आजवर शिल्लक किती पडली?'

तो ओशाळून हंसला. 'शिल्लक राहत नाहीं, सर. मधेंच एक दिवस वाईट निघतो.'

हा 'वाईट दिवस' आमच्या मनांत घोळत असतांनाच, कांहीं दिवसांनीं आमच्याच पेशांतील एका विद्वान गृहस्थांकडे आमचें जाणें झालें. मोबाईलवर पैसे लावून रमी व पोकर खेळण्यास तेव्हां बंदी झालेली नव्हती, आणि हे गृहस्थ रात्रीं जेवणें आटोपल्यावर दोन घटका त्यांत रमत. कोंबडबाजाराची हकीकत ऐकून त्यांनीं अज्ञानाविषयीं हळहळ व्यक्त केली आणि म्हणाले, 'तो निव्वळ जुगार. आमचा खेळ बुद्धीचा. परिस्थिति पाहून आम्ही डाव बदलतों.' कसा बदलतां, असें विचारतां त्यांनीं सांगितलें कीं, लहान रकमेच्या टेबलावर दोनचार डाव गेले म्हणजे ते उठून मोठ्या रकमेच्या टेबलावर जातात; तेथें एका डावांत सर्व भरून निघतें. शिल्लक किती पडली, हें विचारण्याचें धाडस आम्हांस झालें नाहीं. त्यांच्या पत्नी तेथेंच बसलेल्या होत्या.

वाचकांनीं पाहावें: एकाच्या हातीं काती, दुसऱ्याच्या हातीं मोबाईल; पण हिशेब एकच. आणि हा हिशेब कितपत खरा आहे तें शाळकरी अंकगणितानें तपासतां येतें. दोन्ही कोंबडे तुल्यबळ आहेत आणि खेळ चालविणारा एक पैही कापून घेत नाहीं, असें घटकाभर धरून चालूं. शंभर, दोनशें, चारशें, आठशें, सोळाशें, बत्तीसशें, चौसष्टशें असे सात डाव ओळीनें गेले म्हणजे एकूण १२,७०० रुपये गेले. आठव्या डावास १२,८०० रुपये पाहिजेत. ते त्या तरुणाजवळ नसतात, आणि त्याला कोणी उसनेही देत नाहीं. सात डाव ओळीनें जाण्याचा संभव १२८ फेऱ्यांत एकदां. म्हणजे सरासरीनें १२८ फेऱ्यांपैकीं १२७ फेऱ्यांत त्यास शंभर शंभर रुपये मिळणार, त्यांची बेरीज १२,७००. आणि एका फेरींत १२,७०० जाणार. बाकी शून्य! ज्याला तो वाईट दिवस म्हणतो, तो दैवाचा घाला नव्हे. त्याच्या हिशेबांतली ती शेवटची ओळ आहे, आणि रोज शंभर शंभर मोजतांना ती त्यानें वाचलेली नसते. शिवाय एकदां म्हणजे १२८ व्याच खेपेस असेंही नाहीं. शंभर फेऱ्या खेळणाऱ्यावर तो दिवस येण्याचा संभव निम्म्याहून अधिक आहे.

यावर ठरीव डावाचे कैवारी म्हणतील, 'आम्ही हेंच सांगत होतों. दुप्पट करूं नये. नेहमीं सारखेच पैसे लावावे.' त्यांचेंही समाधान आम्हांस करतां येत नाहीं. जिंकणाराच्या नफ्यांतून खेळ चालविणारा शेंकडा दहा कापून घेतो असें धरा. शंभर लावणारा जिंकला तर नव्वद मिळवितो, हरला तर शंभर घालवितो. म्हणजे दर डावास सरासरी पांच रुपये गेले. शंभर डावांत पांचशें गेले. दुप्पट करणारा एका दिवसांत बुडतो, सारखे लावणारा सावकाश बुडतो. नियमाचा गुण तो एवढाच. तेलुगु मुलखांत तर कोणत्या दिवशीं कोणत्या रंगाचा कोंबडा जिंकेल हें सांगणारें कुक्कुटशास्त्रच प्रचलित आहे, आणि संक्रांतीच्या झुंजींत लोक त्याच्या आधारें पैसे लावतात. याहून ठरीव नियम कोणता असणार? परंतु नियम पक्का असला म्हणून तो खरा असतो असें नाहीं. ज्या नियमाच्या पोटांत ज्ञान नाहीं, त्याचें इमानानें पालन करणें म्हणजे आंधळ्यानें सरळ रेषेंत चालण्याचा अभिमान बाळगण्यासारखें आहे.

आतां पोकरच्या शास्त्राकडे वळूं; कारण आमच्या विद्वान स्नेह्यांचा सर्व भरंवसा त्यावर आहे. या खेळांत आपलीं पानें झांकलेलीं ठेवून पैसे लावावयाचे असतात. समोरच्यानें तितकेच पैसे घालून पानें उघडावयास लावावीं, नाहीं तर डाव सोडावा. त्यामुळें हलक्या पानांवर मोठी रक्कम लावून समोरच्यास भिवविणें, ही थाप या खेळाचा प्राण आहे. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेन्स्टर्न यांनीं १९४४ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत दाखविलें कीं, ही थाप लहरीची गोष्ट नसून तिलाही प्रमाण आहे. मध्यें शंभर रुपये आहेत आणि आपण आणखी शंभर लावले, असें समजा. समोरच्यास शंभर घालून दोनशें मिळण्याची आशा आहे. अशा वेळीं आपल्या दर तीन बोलींपैकीं दोन खऱ्या व एक थापेची असली, तर त्यानें पानें उघडविलीं काय आणि डाव सोडला काय, त्याचा लाभ सारखाच. आपणांस फसविण्याचा मार्ग त्यास उरत नाहीं. ठरीव पक्षाचें बळ हें आहे, आणि तें आम्ही मान्य करतों. २०१५ सालीं कॅनडांतील आल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनीं, बोलीची रक्कम नियमानें बांधलेली असते असा जो दोघांचा पोकर, तो जवळजवळ पूर्णपणें सोडविल्याचें जाहीर केलें. त्यांचें यंत्र समोरच्याकडे न पाहतां ठरलेल्या प्रमाणानेंच खेळतें.

बदलत्या पक्षाचें म्हणणेंही अगदींच पोकळ नाहीं. समोरचा भित्रा असून प्रत्येक मोठ्या बोलीस डाव सोडीत असेल, तर तीनांत एकच थाप मारणारा मनुष्य हातचा लाभ दवडतो. त्याच्या भित्रेपणाची खात्री पटल्यावर थापा वाढविणें योग्यच होय. मात्र असें करतांना आपण स्वतः प्रमाणाबाहेर गेलों, आणि समोरचा शहाणा निघाला तर तो आपल्यावर उलटेल, हें विसरतां कामा नये. येथें बदल होतो तो समोरच्याविषयीं मिळालेल्या ज्ञानावरून. हा बदल आणि मुलचेऱ्याच्या तरुणाचा बदल यांस एकच नांव देणें, हा आमच्या मतें सर्व घोटाळ्याचा उगम आहे.

२०१७ च्या जानेवारींत अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें जो सामना झाला, तो या बाबतींत मोठा बोधप्रद आहे. बोलीवर बंधन नसलेल्या पोकरमध्यें लिब्राटस नांवाचें यंत्र चार नाणावलेल्या खेळाडूंविरुद्ध वीस दिवस खेळलें, एकूण १,२०,००० डाव झाले, यंत्र जिंकलें. तें यंत्र बदलत होतें कीं ठरीव होतें? बदलत होतें, परंतु खेळाडूंच्या खोडींचा पाठलाग करून नव्हे. आपल्या खेळांतील कोणत्या भेगेवर हे लोक दिवसभर बोट ठेवीत आहेत तें पाहून रात्रीं तें त्या भेगा बुजवी, आणि सकाळीं पुन्हां खेळावयास बसे. डाव हरला म्हणून बोली चढविणें त्याच्या स्वभावांत नव्हतें. माणसाला जें साधत नाहीं तें यंत्रास साधलें, याचें कारण त्याची बुद्धि नव्हे इतकें त्याचें निर्विकारपण, असें म्हटलें तर चुकीचें होणार नाहीं.

किती पैसे लावावे या प्रश्नाचेंही उत्तर १९५६ सालीं बेल प्रयोगशाळेंतील जॉन केली या संशोधकानें देऊन ठेविलें आहे. जिंकण्याचा संभव शंभरांत पंचावन्न असेल आणि जिंकल्यास लावल्याइतकेच मिळत असतील, तर जवळच्या रकमेचा दहावा हिस्सा लावावा, अधिक नाहीं. हजार असतील तर शंभर. ते गेले आणि नऊशें उरले तर नव्वद. तेही गेले तर एक्याऐंशी. हा नियम ठरीव आहे कीं बदलता? हिस्सा ठरीव आहे, रक्कम बदलती आहे. आणि ती कोणत्या दिशेनें बदलते तें वाचकांनीं लक्षांत घ्यावें: हार झाली कीं रक्कम उतरते. आमचा तरुण आणि आमचे विद्वान स्नेही, दोघेही नेमकी उलट दिशा धरतात. आणि संभव शंभरांत पन्नासच असेल तर केलीचा नियम काय सांगतो? कांहींच लावूं नये, असें सांगतो. वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनीं नियमाचें हें शेवटचें वाक्य वाचलेलें आमच्या ऐकिवांत नाहीं.

परदेशी पंडितांच्या आधीं ही गोष्ट आमच्या पूर्वजांस ठाऊक होती, असा डौल मिरविण्याची आम्हांस हौस नाहीं. तथापि वनपर्वांतील नलोपाख्यान या दृष्टीनें पुन्हां वाचावें अशी आमची विनंति आहे. तें आमच्या विदर्भाचेंच उपाख्यान आहे. पुष्कराशीं द्यूत खेळतांना नळ महिनोन्महिने हरत गेला. मंत्री व प्रजाजन दाराशीं आले, दमयंतीनें विनविलें. त्यानें उत्तर दिलें नाहीं. सोनें गेलें, रथ गेले, वस्त्रें गेलीं, राज्य गेलें. तो डाव बदलत नव्हता काय? प्रत्येक हारीनंतर बदलत होता. पण तें बदलणें समोरच्यास पाहून नव्हतें, फांसे पाहून नव्हतें. स्वतःच्या जखमेकडे पाहून होतें. यालाच व्यासांनीं कलीचा संचार म्हटलें.

पुढें तोच नळ बाहुक नांवानें सारथी होऊन ऋतुपर्ण राजाचा रथ विदर्भाकडे हांकीत असतां वाटेंत एक बिभीतकाचा, म्हणजे बेहड्याचा, वृक्ष लागला. ऋतुपर्णानें दोन शाखा पाहून त्यांवर २०९५ फळें असल्याचें सांगितलें. नळानें रथ थांबविला, झाड तोडून फळें मोजलीं, आणि संख्या बरोबर भरली. तेथें ऋतुपर्णानें त्यास अक्षविद्या दिली आणि कलि त्याच्या शरीरांतून बाहेर पडला. बेहड्याचीं फळें हेच त्या काळचे फांसे होत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे कथेचा अर्थ उलगडतो. ज्या झाडाच्या फळांनीं राज्य घेतलें, त्याच झाडाचीं फळें मोजावयास शिकल्यावर मनुष्य शुद्धीवर आला. आणि मोजून खात्री करून घेतल्यावांचून नळानें ऋतुपर्णाचा शब्दही मानला नाहीं, हें विशेष. पुढें त्यानें पुष्कराबरोबर एकच डाव टाकला, जिंकला, आणि थांबला. त्या डावांत त्यानें सर्वस्व लावलें आणि दमयंतीसही पणास लावलें, हें केलीच्या गणितास मानवणारें नाहीं आणि आमच्याही मनास रुचत नाहीं. परंतु जिंकल्यावर पुन्हां फांसे हातीं न धरणें हा त्या कथेंतील खरा विजय होय.

आतां आमच्या स्नेह्यांचा एक आक्षेप राहिला. ते म्हणतील, 'आमचा खेळ कौशल्याचा आहे हें न्यायालयांनीं मान्य केलें आहे. त्याची कोंबड्यांच्या झुंजीशीं तुलना कां?' खरें आहे. १८८७ च्या जुगारबंदी कायद्यानें केवळ कौशल्याचे खेळ आपल्या कक्षेबाहेर ठेविले. १९६८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला, आणि तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा म्हटला. परंतु खेळ चालविणारा डावांवर नफा काढीत असेल तर गुन्हा शाबीत होऊं शकेल, असेंही त्याच निकालांत म्हटलें होतें. तेवढें वाक्य मात्र कोणी उद्धृत करीत नाहीं. कोंबड्याची झुंज १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानेंही दंडनीय आहे, आणि ती तशीच असावी. मुक्या प्राण्याच्या पायास काती बांधण्याचें समर्थन आम्ही कदापि करणार नाहीं. पण पैशाच्या बाजूनें पाहिलें तर दोन्ही ठिकाणीं बुडणारा एकाच रीतीनें बुडतो. रानांत त्याच्यावर छापा पडतो आणि दिवाणखान्यांत त्यास खेळाडू म्हणतात, एवढाच कायतो भेद होता. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतांना कौशल्य कीं नशीब हा भेदच बाजूस ठेविला, तेव्हां सुशिक्षितांत मोठी ओरड झाली. त्या कायद्याच्या गुणदोषांची चर्चा कायदेपंडित करोत. ओरड करणाऱ्यांस आमचा प्रश्न एवढाच: तुमचें कौशल्य खरें असेल, तर हरल्या रात्रीं बोली चढली कां? कौशल्याची कसोटी जिंकण्यांत नाहीं. हरल्यावर हात कसा चालतो यांत आहे. त्या कसोटीस उतरणारे पोकरपटु जगांत नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. ते थोडे आहेत, आणि ते वाद घालीत बसत नाहींत.

'करमणुकीसाठीं खेळतों' असें जे म्हणतात त्यांच्याशीं आमचें भांडण नाहीं. नाटकाचें तिकीट काढतांना जसे पैसे गेले म्हणून समजतों, तशी एक रक्कम आधीं बाजूस काढावी, ती गेली कीं उठावें. ही रक्कम ठरीव असावी, तिच्या आंतला डाव हवा तसा बदलावा. परंतु ती रक्कम गेल्यावर जो 'फक्त एकदां' असें म्हणून पुन्हां खिशांत हात घालतो, त्याची करमणूक केव्हांच संपलेली असते.

पुन्हां एकदां मुलचेऱ्यास जाऊं. उन्हाळ्यांत तेथील बायका भल्या पहांटे रानांत शिरून तेंदूचीं पानें खुडतात. घरीं आणून निवडतात, सत्तर पानांचा एक पुडा बांधतात आणि संध्याकाळीं फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागीं, मोजून देतात. हजार पुड्यांचें एक प्रमाण पोतें. म्हणजे सत्तर हजार पानें हातांखालून गेलीं पाहिजेत. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांच्या आधारें जिल्ह्यांतील पुष्कळ ग्रामसभा आतां हा व्यवहार स्वतः करतात, आणि हंगामाचा पैसा घरांत येतो. तो पैसा पुढच्या पावसापर्यंत, बियाण्यापर्यंत, पोरांच्या शाळेपर्यंत पुरवावयाचा असतो. पानें मोजण्याची ऋतुपर्णाची विद्या त्या रानांत आजही आहे. ती त्या बायकांपाशीं आहे. बुडतो तो त्यांनीं मोजलेला पैसा.

त्या तरुणास निघतांना आम्हीं वरचें १२,७०० चें गणित कागदावर मांडून दाखविलें. त्यानें तें दोनदां वाचलें, शून्यावर बोट ठेवलें, आणि कागद घडी करून खिशांत घातला. त्याचा पुढें काय उपयोग झाला तें आम्हांस ठाऊक नाहीं. तोच कागद आम्हीं आमच्या विद्वान स्नेह्यांसही दाखविला होता. त्यांनीं तो वाचला, आणि आपला खेळ निराळा आहे असें सांगून परत केला.